थोरल्या काकांचा किलो

मी मुळात शांत माणूस आहे. हे वाक्य बायकोसमोर म्हटलं की ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहते, म्हणून ती बाजारात गेली असताना लिहून टाकतोय. पण "तुम्हाला झेपेल असं काहीतरी करा" असं मला कोणी सांगितलं, की माझं डोकं फिरतं. आणि माझा मेहुणा दर रविवारी नेमकं तेच सांगतो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो वर्षातून दोनदा परदेशात जातो आणि उरलेलं वर्ष आम्हाला फोटो दाखवतो. "भाऊजी, हा धबधबा बघा." धबधबा दिसतच नाही, धबधब्यापुढे टोपी घातलेला मेहुणा दिसतो. "हा राजवाडा." राजवाड्यापुढे मेहुणा. जगातली एकूण एक प्रेक्षणीय स्थळं या माणसाने आपल्या पोटाआड झाकून टाकली आहेत. त्या रविवारी तेविसाव्या फोटोनंतर तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही पण कुठेतरी जाऊन या की. जवळपास. झेपेल असं."

झेपेल असं! चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजाराच्या तोंडाशी माझी सायकल दिसली, की अर्ध्या बाजाराचे काटे आपसूक खरं बोलायला लागत. पाच ग्रॅमच्या फरकासाठी मी एका मंत्र्याच्या साडूचं दुकान बंद केलं होतं आणि त्याबद्दल आनंदाने बदली पत्करली होती. आणि हा मला झेपेल असं सांगतो!

"मी जाणारच आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

बातम्यांमध्ये ज्या देशाचं नाव आलं की निवेदकाचा आवाज खाली येतो, त्या देशाचं नाव मी घेतलं. मेहुण्याचा चेहरा खाडकन उतरला. तिथे तो गेला नव्हता. तिथे कोणीच गेलं नव्हतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला, त्याचं प्रायश्चित्त मी पुढे सहा महिने घेत होतो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी पण येणार. तुम्हाला एकट्याला तिथे सोडलं तर त्या बिचाऱ्यांचं काय होईल?"

अर्ज बावीस पानी होता. आजोबांची उंची विचारली होती. 'आपण कधी पुतळ्याकडे पाठ करून उभे राहिला आहात काय? असल्यास किती वेळ?' असं विचारलं होतं. 'आपणास विनोद करण्याची सवय आहे काय? असल्यास उपचार चालू आहेत काय?' हा प्रश्न वाचून बायको इतकी हसली, की तिच्या अर्जातल्या त्याच रकान्यात तिला खोटं लिहावं लागलं.

अशी बातमी इमारतीत लपत नाही. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी मुद्दाम दोन जिने चढून आले. "साहेब, सांभाळून बोला हं तिथे. तिथे भिंतींनासुद्धा कान असतात."

"इथे तुम्ही आहातच की," मी म्हणालो. ते गेले. पण जाताना तीन मजल्यांवर सांगत गेले, की मी सरकारी कामगिरीवर चाललोय. परिणामी तळमजल्याच्या आजींनी मला परत येताना तिथल्या तुरुंगात कोणी आपलं माणूस आहे का ते बघून यायला सांगितलं. म्हणजे एखाद्या लग्नाला चाललेल्या माणसाला 'जमलं तर मुलगी बघून या' म्हणावं, तसं.

अर्जाला दोन दाखले जोडायचे होते. एक दातांचा. तोंडात दात किती, हे डॉक्टरच्या सहीने. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मोजून सत्तावीस लिहिले आणि म्हणाल्या, "काका, परत आल्यावर पुन्हा मोजू. मला फार उत्सुकता आहे." दुसरा दाखला पोलिसांचा, की या इसमाविरुद्ध काहीही नाही. पोलीस ठाण्यातल्या कारकुनाने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काही नाही म्हणजे नक्की काय नाही?"

"काहीच नाही."

"तसा नमुना नाही आमच्याकडे. चोरी नाही, मारामारी नाही, असं लिहिता येतं. पण काहीच नाही असं कसं लिहू? उद्या काही निघालं तर माझी नोकरी जायची. तुम्ही एखादं काहीतरी करून या ना, छोटंसं. मग ते सोडून बाकी काही नाही, असं लिहून देतो."

मी त्या कारकुनावर इतका ओरडलो, की त्याला लिहायला विषय मिळाला. 'सदर इसम रागीट आहे, बाकी काही नाही.' हा दाखला आजही माझ्याकडे आहे. सरकारने माझ्याबद्दल लिहिलेलं एवढं एकच खरं वाक्य.

चार महिन्यांनी परवानगी आली. आठ दिवसांची मागितली होती, तीन दिवसांची मिळाली.

तिथल्या विमानतळावर उतरल्याबरोबर आमचे दात मोजले. मी थट्टा करत नाहीये. गणवेशातला एक माणूस बॅटरी घेऊन माझ्या तोंडात शिरला आणि सव्वीस म्हणाला. दाखल्यावर सत्तावीस! दुसरा आला. तोही सव्वीस. एक दात मी सामानात कुठेतरी लपवलाय, असा त्यांचा समज झाला असावा. कारण त्यांनी माझी बॅग उघडून मोजे एकेक करून उलटे केले. मी तोंडात बॅटरी असताना जेवढं भांडता येतं तेवढं भांडलो. शेवटी बायकोने पुढे होऊन माझा जबडा धरला आणि डाव्या कोपऱ्यातली अर्धी तुटलेली दाढ बोटाने दाखवली. दोघांनी आळीपाळीने ती दाढ पाहिली. मग त्यांनी बायकोला सलाम केला. मला नाही.

आणि तेव्हाच मागून आवाज आला, "नमस्कार. मी दुभाषी आहे. माझे काम बोलणे आहे. आपले विमान मोठे आहे."

चाळिशीचा किडकिडीत माणूस होता. कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या. आपली भाषा तो प्रत्येक अक्षर सुटं करून बोलत होता, जणू अक्षरांना एकमेकांचा संसर्ग व्हायची भीती होती. त्याने पिशवीतून आपल्याकडच्या शाळेतली पहिली ते चौथीची चार जुनी वाचनाची पुस्तकं काढून दाखवली. सगळी भाषा तो त्यांतून शिकला होता. कानांनी ती कधी ऐकलीच नव्हती.

"सरकारने मला आपली भाषा दिली. अकरा वर्षे मी रोज कार्यालयात येतो. मी धडा वाचतो. मी घरी जातो. तुमच्या देशातून कोणी येत नाही. आज तुम्ही आला. आज मला आनंद झाला."

आता अशा माणसावर कसं चिडायचं? पण दातांचा राग कुठेतरी काढायचा होताच. मी म्हणालो, "अहो, कर्म माझं, म्हणून आलो."

त्याने लगेच वही काढली. "कर्म माझे. हे पुस्तकात नाही. हे कोणते कर्म?"

बायको म्हणाली, "तुम्हाला तीन दिवसांत सगळी कळतील."

गाडीत बसताच त्याने आमच्या हातात कार्यक्रम ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ सरकारी कागद वाचलेत, पण असा नाही. 'नऊ दहा ते नऊ पंचवीस: धरण. कौतुक. नऊ तीस ते नऊ चाळीस: पुतळा. गहिवर. दहा ते अकरा: कापड गिरणी. प्रथम आश्चर्य, नंतर कौतुक.' दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं 'समाधान' होतं. मला राग येणार होता तो कुठल्या वेळेत बसवायचा, ते लिहिलेलं नव्हतं.

हॉटेलच्या खोलीत, गाडीत, लिफ्टमध्ये, सगळीकडे एकाच गुबगुबीत गृहस्थाची तसबीर होती. "हे थोरले काका," दुभाष्याने आवाज खाली आणून सांगितलं. त्यांच्या पदवीला पुस्तकात दुसरा शब्द सापडला नव्हता. दुसरीच्या धड्यात एक थोरले काका होते, ते सगळ्यांना खाऊ आणत, म्हणून त्याने तो घेतला होता. माझे स्वतःचे थोरले काका शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र आधी वाचून, घडी मोडून परत करत आणि वर बातम्या शिळ्या होत्या म्हणून तक्रार करत. त्यामुळे हे नाव ऐकून माझ्या मनात जो भाव उठला, तो कार्यक्रमात नव्हता.

धरण होतं तेवढंच होतं. पाणी अडवलेलं होतं. मी पाहिलं, बरं आहे म्हणालो आणि गाडीकडे वळलो. दुभाषी धावत आला. "अजून दोन मिनिटे कौतुक आहे." मागे एक माणूस हातात घड्याळ घेऊन उभा होता. मी दोन मिनिटं त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शाळेतसुद्धा मला कोणी असं उभं केलं नव्हतं. उलट पुतळ्यापाशी बायकोने कमाल केली. तिला विमानात सर्दी झाली होती. तिने रुमाल काढून डोळे-नाक पुसायला सुरुवात केली मात्र, घड्याळवाला भारावला, दोन मुली फुलं घेऊन आल्या, आणि दुभाषी मला म्हणाला, "आपली पत्नी फार चांगली आहे. आपण प्रयत्न करा."

पण खरी ठिणगी पडली ती गिरणीनंतर, शेतीच्या प्रदर्शनात. भिंतभर आलेख होता. रेघ सपाट जात जात एका जागी एकदम शिडीसारखी चढली होती.

"तीन वर्षांपूर्वी आमचे उत्पादन सव्वापट झाले," दुभाषी म्हणाला. "बटाटे सव्वापट. गहू सव्वापट. दूध सव्वापट."

"किती दिवसांत?"

"एका दिवसात. सोमवारी."

"सोमवारी?"

"रविवारी थोरल्या काकांनी भाषण केले. सोमवारी सव्वापट झाले."

 चौतीस वर्षांच्या नोकरीने माणसाला एक रोग जडतो. सगळ्या गोष्टी एकाच दिवशी एकाच पटीने वाढल्या, की वाढलेल्या वस्तूकडे बघायचं नसतं. मापाकडे बघायचं असतं. माझा हात शिवशिवायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुकान होतं. 'अकरा वाजता: नागरिकांचे दुकान. समृद्धी पाहून प्रसन्नता.' लख्ख दुकान. बटाट्यांचे ढीग, कोबीचे मनोरे. नऊ गिऱ्हाईकं ओळीने उभी होती, सगळ्यांच्या पिशव्या इस्त्री केल्यासारख्या. काट्यामागे पांढरा डगला घातलेली एक प्रौढ बाई. तिने समोरच्या म्हाताऱ्याला एक किलो बटाटे तोलून दिले. पिशवी माझ्या शेजारून गेली. मी सहज हात पुढे करून ती उचलून पाहिली.

तुम्हाला सांगतो, गवयाला सूर कळतो तसं मला वजन कळतं. किलो हातात आला की कोपर ओळखतं. ही पिशवी आठशे ग्रॅमची होती. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही.

"हा काटा खोटा आहे," मी म्हणालो.

दुभाष्याने हसून सगळ्यांकडे पाहिलं आणि अत्यंत हळू आवाजात मला म्हणाला, "आता प्रसन्नता आहे."

"प्रसन्नता गेली खड्ड्यात! हा काटा खोटा आहे!" बायकोच्या पिशवीत घरून आणलेला बिस्किटांचा बंद पुडा होता, दोनशे ग्रॅम छापलेला. तो मी खेचून काढला आणि काट्यावर आपटला. काटा गेला अडीचशेवर. "हे बघा! हे बघा काय ते! दोनशेचे अडीचशे! लाज नाही वाटत? त्या म्हाताऱ्या माणसाला पाव किलोला..." रागात माझा हिशेब चुकतो. "प्रत्येक किलोमागे दोनशे ग्रॅम मारताय! आमच्याकडे पाच ग्रॅमला दुकानाला कुलूप लावतात! मी लावलंय!"

दुकानात सगळं थिजलं. भाषा कोणालाच कळत नव्हती, पण काट्यावरचा पुडा आणि त्यावरचं माझं बोट सगळ्यांना कळत होतं. नऊच्या नऊ गिऱ्हाईकं जमिनीकडे बघत होती. आश्चर्य कोणाच्याच तोंडावर नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. तोलणारी बाई तेवढी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या हनुवटीला कंप सुटला होता. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून घाबरली. चौतीस वर्षं मी असल्या हनुवट्या पाहिल्यात. मी आणखी ओरडलो.

बायकोने माझा दंड धरून एवढंच म्हटलं, "अहो, पुरे. बाई बघा ना ती."

तासाभराने आम्ही हॉटेलच्या तळमजल्यावर एका खोलीत बसलो होतो. टेबलामागे एक अधिकारी होता. स्वच्छ दाढी केलेला, मृदू आवाजाचा, पेन्सिलींना टोक काढत बसलेला. पुढ्यात माझा बावीस पानी अर्ज. धमकावणाऱ्या माणसावर मला ओरडता येतं. या इसमाने आमच्यासाठी चहा मागवला. तो बोलायचा, दुभाषी सांगायचा.

"साहेब म्हणतात, आपण पाहुणे आहात. साहेब म्हणतात, आपण वजनाचे मोठे तज्ज्ञ आहात. अर्जात आहे. साहेबांना आनंद झाला."

"मला नाही झाला."

"साहेब म्हणतात, नऊ नागरिकांना शंका आली. आता आपण दुकानात परत जा. काटा तपासा. काटा बरोबर आहे असा दाखला द्या. मग शंका जाते."

मी खुर्चीतून उठलो. आयुष्यात मी मोठं काही केलेलं नाही. घर बेताचं, पेन्शन बेताची, मेहुण्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. पण एक खोटा दाखला दिला नाही. मंत्र्याच्या साडूने पाय धरले, मग मंत्र्याने गचांडी धरली, तरी दिला नाही. हे सगळं मी त्या पेन्सिलवाल्याला खणखणीत आवाजात सांगितलं. दुभाष्याने त्याचं काय केलं कोण जाणे, पण त्याचं भाषांतर तीन शब्दांत संपलं.

अधिकाऱ्याने मान हलवली. अजिबात चिडला नाही. एक पेन्सिल बाजूला ठेवून दुसरी घेतली आणि बराच वेळ बोलला. दुभाषी ऐकत होता. मग पहिलीतल्या मुलाने धडा म्हणावा तसा, हात मांडीवर ठेवून, त्याने सांगितलं.

"साहेब म्हणतात, जबरदस्ती नाही. उद्या आपण घरी जा. पण मग काटा खोटा आहे. थोरल्या काकांचा काटा खोटा नसतो. मग तो बाईने खोटा केला. मग बाई जाते. दुकानात आपल्याला मी आणले. मग मी जातो."

"कुठे?"

त्याने जरा विचार केला. "पुस्तकात तो शब्द नाही."

 बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

"सही करा," ती म्हणाली.

"अगं पण..."

"सही करा. तुमच्या तत्त्वांचं वजन घरी गेल्यावर करू. तिथे काटा खरा आहे."

मला तिचा राग आला. पेन्सिलवाल्याचा आला, त्या थोरल्याचा आला, दुभाष्याने तोंड वर करून एकदा तरी माझ्याकडे 'वाचवा' म्हणून बघावं आणि तो बघत नाही, याचा आला. सगळ्यात जास्त मेहुण्याचा आला, कारण तो त्या क्षणी कुठल्यातरी धबधब्याचा फोटो कोणाला तरी दाखवत असणार.

दुकानात तेच नऊ जण तसेच ओळीने उभे होते. तोलणारी बाई होती, डगला तोच, डोळे सुजलेले. मी काटा तपासला. म्हणजे खाली वाकून, डोळा बारीक करून, पारड्यावर टिचकी मारून, नोकरीत पहिल्या वर्षी साहेबांसमोर करायचो तसं सगळं केलं. मग कागद पुढे आला. काय लिहू? पेन हातात घेतलं आणि मला एकदम सुचलं. मी झोकदार अक्षरात लिहिलं: 'हा काटा थोरल्या काकांइतकाच खरा आहे.' खाली सही, हुद्दा, तारीख.

दुभाष्याने वाचलं. एक निमिष त्याचा ओठ एका बाजूला हलला. मग त्याने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. अधिकारी इतका खूश झाला, की त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या तिथे चौकट आणून कागद काट्याच्या बरोबर वर भिंतीला लावला.

मला स्वतःचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! खोटं लिहिलं नव्हतं. सापही मेला होता आणि काठीही शाबूत होती. मी बायकोला हळूच म्हणालो, "पाहिलंस? आपण शब्दांत पकडले गेलो नाही."

ती समोर बघत होती. रांगेतली पुढची बाई आली होती. तिने पिशवी उघडली. पांढऱ्या डगल्याने बटाटे पारड्यात टाकले, काटा एक किलोवर आला, त्या बाईने वर माझ्या दाखल्याकडे बघून मान लववली आणि आठशे ग्रॅम बटाटे घेऊन ती निघून गेली. तिच्या मागची आली. तिनेही मान लववली.

माझी शब्दांची करामत जगात दोनच माणसांना कळली होती, आणि बटाट्यांना तिचं काहीही देणंघेणं नव्हतं. मी जन्मभर ज्या काट्यांच्या मागे लागलो, त्यांतला सगळ्यात लबाड काटा आता माझ्या सहीखाली तोलत होता. 'नंतर: समाधान' असं कार्यक्रमात होतं. मी तो कागद गाडीत चुरगाळला. घड्याळवाल्याने तो उचलून, सरळ करून मला परत दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर दात मोजले. सव्वीस अधिक एक तुटका, अशी आता नोंद होती, त्यामुळे लवकर आटपलं. विमानाला अजून अवकाश होता. लांबलचक रिकामं दालन, एका टोकाला आम्ही तिघं, दुसऱ्या टोकाला तो मृदू आवाजाचा अधिकारी, निरोपाला आलेला. मी दुभाष्याशी बोलत नव्हतो. बोललो असतो तर ओरडलो असतो.

तोच बोलला. "तुम्ही दुकानात रागावला."

"माफ करा. माझ्यामुळे तुमचा जीव टांगणीला लागला."

"नाही. तुम्ही छान रागावला. इथे कोणी मोठ्याने रागावत नाही. अकरा वर्षे मी धडे वाचले, त्यांत राग नाही." त्याने लांबच्या अधिकाऱ्याकडे बघून हसून मान हलवली, आणि तसाच हसत मला म्हणाला, "आपली भाषा इथे फक्त मला कळते. कृपा करून पुन्हा एकदा रागवा. पण हसून रागवा. मी सांगेन, आपण आभार मानत आहात."

मी बायकोकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच ती म्हणाली, "होऊन जाऊ द्या."

मग मी सुरुवात केली. तोंड भरून हसत, मधून मधून छातीवर हात ठेवत, मी त्या काट्याचा उद्धार केला. सोमवारी सव्वापट झालेल्या बटाट्यांचा, दोन मिनिटं कौतुक करायला लावणाऱ्या धरणाचा, दात मोजणाऱ्यांचा, पेन्सिलींचा. थोरल्या काकांना मी असं काही सुनावलं, की माझ्या खऱ्या थोरल्या काकांनीसुद्धा ते मनाला लावून घेतलं असतं. नालायक, गिळगिळीत, भुरटा मापचोर. माणसांच्या ताटातून पाचवा हिस्सा उचलतोस आणि भिंतीवर चढून हसतोस? दुसऱ्या टोकाला अधिकारी प्रसन्न दिसत होता. दुभाषी मधूनच वळून त्याला दोन-चार शब्द ओरडून सांगायचा आणि पुन्हा माझ्याकडे कान करायचा. वही काढली नाही. सगळं पाठ करत असावा.

माझा दम संपला. हसून हसून गाल दुखायला लागले होते. मी म्हणालो, "आता तुम्ही."

"मी?"

"तुम्हीही बोला की काहीतरी. कोणाला कळतंय?"

 हसू तसंच ठेवून त्याने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. त्याला शिव्या येत नव्हत्या. माझ्या आत्ताच्या नव्या होत्या, त्या वापरायचा धीर होत नसावा. मग त्याने हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले आणि एकेक अक्षर सुटं करत, स्पष्ट बोलला.

"आमचा किलो लहान आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती पण लहान आहे."

आणि तो हसत उभा राहिला.

अधिकाऱ्याने लांबून काहीतरी विचारलं. दुभाष्याने वळून उत्तर दिलं. मग आम्हाला म्हणाला, "साहेबांनी विचारले, मी काय बोललो. मी सांगितले, पुन्हा या."

बायकोने त्याचा हात हातात घेतला आणि सोडेना. शेवटी गणवेशवाल्यांनी दार उघडलं, आम्हाला चालावं लागलं. विमानाच्या शिडीपाशी ती म्हणाली, "अहो, डोळे पुसा. बघतायत ते सगळे."

"रडत नाहीये मी," मी म्हणालो. "चिडलोय."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि स्वतःचा रुमाल माझ्या हातात दिला.